मोडीत घालण्याआधी

आमच्या घरमालक काकांनी मंगरूळपीर तालुक्यात जितकी भांडी वाचली, तितकी पुस्तकं तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांनी मिळून वाचली नसतील. मी स्वतः मास्तरीण आहे, तेव्हा हा घरचाच आहेर समजावा. वाचली म्हणजे खरोखर वाचली. कुणाच्या घरी पाण्याचा लोटा पुढे आला की आधी लोटा फिरवून काठ बघायचा, मग पाणी एका दमात संपवून तळ बघायचा, आणि ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसलं की चष्मा कपाळावर सारून, ओठ हलवत, एकेक अक्षर वाचायचं. ‘चि. सौ. कां. संगीता हीस आत्याबाईंकडून सप्रेम भेट.’ मग घरधन्याकडे बघून विचारायचं, “हे संगीता कोन?” पुष्कळ घरांत उत्तर यायला वेळ लागे, कारण ती संगीता आत भाकरी थापत असे आणि त्या घरात तिला संगीता म्हणून कुणी ओळखत नसे.

त्यांचा धंदाच भांड्यांवर नाव टाकण्याचा. भांडेबाजारातल्या एका दुकानाच्या ओट्यावर पोतं अंथरून, छिन्नी आणि मुठीएवढी हातोडी घेऊन त्यांनी उभा जन्म काढला. लग्नसराईत ओट्यासमोर परातींच्या उतरंडी लागत. नवरीचं नाव, देणाऱ्याचं नाव, आणि जागा उरली तर कडेला एक फूल. फुलाचे पैसे नाहीत, पण फूल कुणाला घालायचं आणि कुणाला नाही, हे तेच ठरवत. शेलूबाजारचा एक तालेवार माणूस भाचीच्या लग्नासाठी घागर घेऊन आला आणि म्हणाला, माझं नाव मोठं टाका, पार मांडवाच्या दारातून वाचता आलं पाहिजे. काकांनी नवरीचं नाव ठसठशीत टाकलं आणि मामांचं नाव इतकं बारीक, की ते वाचायला मामांना दुसऱ्याचा चष्मा मागावा लागला. तो तणतणला तेव्हा काका म्हणाले, “देनाऱ्यानं लहान राहावं, बावा. देल्लं म्हंजे ते भांडं आता तुमचं राह्यलं नाई.”

अक्षराच्या बाबतीत मात्र ते भयंकर होते. एक ठिपका जरी रेषेबाहेर गेला तर ते भांडं गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत, पदरचं नवं आणून द्यायचे. दुसऱ्या कारागिराचं अक्षर दिसलं की चेहरा असा करायचे, जणू कुणी कच्चं कारलं खाऊ घातलं. वाशीमच्या एका कारागिरावर त्यांचा विशेष राग. “कोंबडी चालून गेल्यावानी अक्षर हाय त्याचं,” ते म्हणत, आणि हाताने कोंबडी चालवूनही दाखवत. पुढे गुरगुरणारी मशीन आली, ठिपके गेले, रेघ आली. मग नाव टाकणंच गेलं. लोक पाकीट देऊ लागले, आणि आता तर पत्रिकेवरच छापतात की कृपया आहेर आणू नये. काकांच्या घरी पत्रिका आली की ते मुहूर्त, स्थळ काही बघत नाहीत. थेट खालच्या ओळीवर जातात, ती वाचतात आणि पत्रिका उलटी ठेवून देतात.

मी त्यांच्या घरात राहायला आले ती बदली होऊन. नवरा अमरावतीला नोकरीत, मुलगा त्याच्याजवळ राहून शिकणारा, आणि मी तिथे माडीवरच्या दोन खोल्यांत एकटी. खोल्या बघायला गेले तेव्हा मी आधार कार्डाची झेरॉक्स, शाळेचं पत्र, सगळं पिशवीत घालून नेलं होतं. त्यांनी पिशवीला हातसुद्धा लावला नाही. सामान आलं त्या दिवशी मात्र जिन्याखाली स्टूल टाकून बसले आणि भांड्यांचं पोतं वर चढण्याआधी उघडायला लावलं. कुकर, कढई, ताटं, सगळं नव्या जमान्याचं, गुळगुळीत, बिनानावाचं. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तळाशी माझ्या आईने दिलेला पितळी डबा निघाला. त्यांनी तो मांडीवर घेतला, झाकण उलटं केलं आणि वाचलं, “चि. कौसल्या हीस आईकडून.” मग माझ्याकडे बघितलं.

“कौसल्या कोन?”

“मीच.”

“तुमी तं कल्पना मॅडम ना?”

“लग्नात बदललं.”

“काहून? काय वाईट होतं?”

कौसल्या माझ्या आजीचं नाव. लग्न ठरलं तेव्हा माझी नणंद हसत म्हणाली होती, अगं बाई, हे तर मोडीत निघालेलं नाव! मग मांडवात ताटभर तांदळात अंगठीने कल्पना लिहिलं गेलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. हे मी काकांना जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, “पितळेवरलं कच्चं अन् तांदळातलं पक्कं. उलटाच धंदा हाय.” त्या दिवसापासून ते मला कौसल्याबाई म्हणू लागले. शाळेत मी मॅडम, नवऱ्याला कल्पना, भावाला ताई. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. या नावाने हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पहिल्या दिवशी खालून “ओ कौसल्याबाई, नळ आला!” अशी आरोळी आली, तेव्हा मी क्षणभर हललेच नाही. तोवर अर्धा नळ गेला.

त्यांच्याबरोबर पंगतीला बसणं म्हणजे शिक्षा होती. भंडाऱ्याला, लग्नाला, तेरवीला, जिथे म्हणून दान दिलेली भांडी वापरात असतील तिथे त्यांचं लक्ष जेवणाकडे नसे. एकदा एका भंडाऱ्यात आम्ही शेजारी बसलो होतो. वाढपी वरणाची बादली घेऊन आला आणि काकांनी पत्रावळीकडे बोट दाखवायच्या ऐवजी बादलीच धरली. “थांब थांब, याच्यावर काय लिवलं हाय?” वाढपी म्हणे, काका, वरण गरम हाय. काका म्हणे, तिरपी कर थोडी. त्याने तिरपी केली. पुढे काय झालं ते सांगत नाही, पण माझी ती साडी अजून हळदीच्या डागासकट कपाटात आहे. अख्खी पंगत हसत होती आणि काका वरण निथळणाऱ्या बादलीवरचं नाव वाचून खिन्नपणे म्हणत होते, “नाई. हे नाई.”

“हे नाई.” हे दोन शब्द मी पुष्कळदा ऐकले, पण त्यांचा अर्थ विचारावा असं मला सुचलं नाही. मी समजले, म्हातारपणाची सवय असेल. काही माणसं खुर्चीवर बसताना “हे राम” म्हणतात, तसं हे.

रोज सकाळी आमच्या गल्लीत भंगाराची गाडी यायची. लाऊडस्पीकरवर तीच ती आरोळी: जुना कूलर, प्लास्टिक, बॅटरी, तांबा-पितळ. गाडीवाले चाचा बिचारे सज्जन. त्यांनी गाडी आमच्या दारापुढे थांबवायची, हा अलिखित कायदा होता. काका बनियनवर बाहेर येत, गाडीत वाकत आणि जेवढी भांडी असतील तेवढी उलटीपालटी करत. “काका, आज काई नाई,” चाचा सांगत, “निस्ते पत्रे हायेत.” तरी काका पत्रे बाजूला सारून बघत. नाव असलेलं भांडं निघालं की मोठ्याने वाचत, अगदी हजेरी घेतल्यासारखं, आणि मगच ते परत गाडीत ठेवत. “मोडीत घालाच्या आंधी नाव वाचून घ्यावं. येवढं तं केलं पायजे,” ते म्हणत. आठवड्यातून एकदा ते भांडेबाजारातल्या दुकानांतही जात. तिथे जुनी भांडी वजनावर घेऊन नवी देतात, त्या जुन्यांचा मागे ढीग लागलेला असतो. दुकानदार त्यांना चहा पाजत आणि ढिगावर सोडून देत.

आमचं खरं भांडण झालं ते शब्दावरून. एका रविवारी मी ओसरीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. वाक्प्रचाराचा अर्थ सांगा: मोडीत निघणे. एका मुलीने लिहिलं होतं, कालबाह्य होणे. मी बरोबरची खूण केली. काका मागून वाचत होते, हे मला कळलंच नाही.

“चूक हाय,” ते म्हणाले.

“काका, पुस्तकात हेच आहे.”

“पुस्तकवाल्यानं कधी मोड तोलली हाय का? मोड म्हंजे काय?”

“मोडकं.”

“मोडकं तं खाट बी असते. तिले कोनी मोड म्हनते का? मोड म्हंजे फुटलं-तुटलं भांडं. तांब्याचं, पितळेचं, काशाचं. जे तराजूत घालता येते ते. पहिले बाया भांडं फुटलं का दुकानात न्यायच्या, दुकानदार वजन करे, झिजीची घट कापे, नवं दे. भांडं मोडीत घातलं, मोडीत काढलं, मोडीत निघालं. तिथून हा शब्द. आता सांगा, ज्याचं वजन होऊन राह्यलं ते बाद झालं का?”

मी म्हटलं, काका, आता अर्थ बदलला. लोक जुन्या फोनला म्हणतात, जुन्या चालीरीतींना म्हणतात, माणसांनाही म्हणतात.

“म्हनू द्या. पन मानूस मोडीत निघाला म्हनता, तं आंधी त्याले तराजूत घालून पाहा म्हना. वजन भरलं तं? ज्याले वजन नाई ते उकिरड्यावर जाते, मोडीत नाई जात. अन् हे तुमचं कालबाह्य... काळाच्या बाहीर जागा कुठी हाय? मले दाखवा, मी तिथीच खोली बांधतो.” एवढं बोलून ते तरातरा आत गेले आणि जाताना म्हणाले, “मोडीत गेलेलं वापस येते, कौसल्याबाई. येऊ शकते.”

मी त्या मुलीचे गुण कापले नाहीत. पण सोमवारी वर्गात मी मोड या शब्दाची सगळी कुळकथा सांगितली. तराजू आला, घट आली. मुलं प्रथमच वाक्प्रचाराच्या तासाला जागी होती. संध्याकाळी हे काकांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “किती पोरीईच्या घरी पितळ हाय, इचारलं का?”

त्यांचा एक उद्योग मात्र मला शेवटपर्यंत पटला नाही. भंगारात एखादं चांगलं भांडं दिसलं आणि नावगावाचा पत्ता लागला, की ते चाचांकडून विकत घेऊन नाववाल्याच्या घरी परत पोचवायला निघत. असाच एकदा त्यांना पितळेची परात सापडली. तिच्यावर नवरीचं नाव, मामाचं नाव आणि अनसिंग. मला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. मंगरूळपीरहून वाशीम, वाशीमहून अनसिंग, दोन एसट्या, आणि दोन्हींत काकांच्या मांडीवर ती परात. प्रत्येक खड्ड्याला ती वाजे आणि सगळी बस मागे वळून बघे. कंडक्टर म्हणाला, आजोबा, परातीचं तिकीट काढलं का? काका म्हणाले, “ते माहेरी जाऊन राह्यली, बायाईले अर्धं तिकीट असते.” बस हसली. काका हसले नाहीत.

अनसिंगला घर सापडलं. माणसं चांगली होती, चहा झाला. काकांनी परात पुढे केली आणि नाव वाचलं. त्या नावाच्या साठीच्या बाई पदराने तोंड पुसत परातीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या सूनबाई आतून आल्या आणि एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. परात त्यांनीच सासूला न विचारता भंगारात दिली होती. मग जे व्हायचं ते झालं. “तू तं म्हने परात शेजारी नेली!” “आई, तुमीच म्हनत होत्या ना, उचलत नाई म्हनून!” काका मध्ये उभे, हातात परात. शेवटी सासूबाई रागारागाने म्हणाल्या, “न्या हो ते परत. आता काय करू तिचं? कोनी कणीक मळत नाई तिच्यात. मामा बी गेले माहे.” आणि लगेच डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “ठेवा. राहू द्या, ठेवा.” परतीच्या बसमध्ये काका मोकळ्या मांडीवर हात ठेवून बसले होते. मी म्हटलं, काका, कशाला हा खटाटोप, लोकांना नको असतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ज्याले पायजे असते, त्याच्या घरी कोनी आनून देत नाई ना.”

त्या घरात आम्ही दोघंच राहत होतो, ते खाली आणि मी वर. त्यांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर फोटो होता, त्याखाली नाव होतं सुमनबाई. संध्याकाळी खालून एकाच ताटाचा आवाज यायचा आणि वरूनही त्यांना एकाच ताटाचा जात असेल. कधी मी भाजी नेऊन द्यायची, कधी ते ठेचा पाठवायचे. एकत्र जेवावं असं दोघांनाही पुष्कळदा वाटलं असणार. पण भाडेकरू बाई, एकटी, आणि खाली म्हातारा. गल्लीला दुसरं काम नाही. मग आपापल्या ताटावर बसून आम्ही जिन्यातून बोलायचो. “कौसल्याबाई, मीठ कमी हाय तुमच्या भाजीत.” “काका, तुमच्या ठेच्यात जास्त आहे, दोन्ही मिळून खा.” असा आमचा सहवास.

उन्हाळ्यातली दुपार होती. भंगाराची गाडी आली नव्हती, म्हणून काका अस्वस्थ होते आणि ओसरीवर येरझारा घालत होते. मी डबा घासून उन्हात ठेवला होता. त्यांनी तो उचलला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “तिच्यापाशी बी एक लोटा होता.” मी विचारलं, कुणापाशी? त्यांनी फोटोकडे मान केली.

“लग्नात तिच्या मामानं देल्ला होता. ‘चि. यमुना हीस मामांकडून.’ यमुना नाव होतं तिचं. सुमन आमी ठेवलं. नाव टाकलं होतं त्या वाशीमच्या कोंबडीवाल्यानं. ‘य’ इकडं, ‘मु’ तिकडं, ‘ना’ पार खाली. मले पाहवे ना. मी नावं टाकनारा मानूस, अन् माह्याच घरी, चुलीपाशी, असं अक्षर! येनारा-जानारा हाशीन. दोन वर्षं सहन केलं. मंग एक दिवस म्हनलं, याले भोक पडलं, मोडीत घालतो.” त्यांनी डब्याचा तळ बोटाने चाचपला. “भोक नव्हतं पडलं.”

डबा त्यांनी परत उन्हात ठेवला.

“ती म्हने, नवा आनसान तं त्याच्यावर यमुना टाकसान ना? मी म्हनलं, टाकीन. नवा आनला. पन दिवसभर लोकाईची नावं टाकून हात दुखे. अन् घरच्या भांड्यावर कायले नाव, कुठी हारपते का ते? एकडाव म्हनलं तिनं. दुसऱ्या सालीबी म्हनलं. मंग म्हननं सोडलं. सारा जलम मी गावभरच्या पोरीईची नावं टाकली, कौसल्याबाई. फुलं काढली. ती गेली अन् तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी साऱ्या घरातली भांडी उलटी करून पाह्यली. यमुना म्हनून कुठीच नाई.”

मला तेव्हा कळलं, ते “हे नाई” काय होतं. वरणाची बादली, चाचांची गाडी, भांडेबाजारातला ढीग, सगळं कळलं. आणि मला त्यांचा रागही आला, खरं सांगते. त्या बाईंच्या वतीने आला. दोन वेळा मागितलं होतं तिने, फक्त तीन अक्षरं. मी जरा कडकच बोलले. म्हटलं, काका, इतक्या वर्षांत ते पितळ केव्हाच भट्टीत गेलं असेल.

“माहीत हाय मले. वेडा नाई मी,” ते म्हणाले. “पन भोक नव्हतं ना त्याले. चांगला लोटा होता. यखाद्या बाईनं मोडीतूनच उचलून नेला असन. पानी पेत असन त्याच्यानं.”

म्हणजे ज्या खोट्या बोलण्याने तो लोटा गेला, त्यावरच त्यांची सगळी आशा टांगलेली होती. मी डबा घेऊन वर गेले आणि बराच वेळ स्वयंपाकाला हात लागला नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, रिसोडकडच्या एका शाळेत. यादीत नाव आलं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, कारण शाळा चांगली होती. काकांना सांगितलं, तर म्हणाले, “बरं झालं. तिथी पानी चांगलं हाय.” आणि दोन दिवस खालून हाक आली नाही. नळ आला तरी नाही.

जाण्याच्या आठवड्यात मी भांडेबाजारात गेले आणि पितळेचा एक लोटा घेतला. साधाच, पोटाला गोल, काठ जाड. तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सवयीने फिरवला, तळ बघितला, वजनाचा अंदाज घेतला.

“नाव टाकाचं? काय टाकू?”

“यमुना.”

त्यांनी लोटा खाली ठेवला. आवाज झाला, तेवढाच. मग उठले, आत गेले आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, मी फार केलं. माणसाच्या जखमेत बोट घालायचा मला काय अधिकार? त्यानंतर चार दिवस लोटा ओसरीच्या कोनाड्यात तसाच पडून होता.

टेम्पो आला त्या सकाळी मी वर पोती बांधत होते आणि खालून टकटक ऐकू आली. बारीक, थांबून थांबून. मी जिना उतरून आले. काका पोतं अंथरून बसले होते, पायाच्या पंजात लोटा धरलेला, हातात छिन्नी. इतकी वर्षं मी त्यांना नाव वाचतानाच बघितलं होतं, टाकताना कधीच नाही. एक ठिपका पडायचा, मग ते छिन्नी उचलून श्वास घ्यायचे, मग पुढचा. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हाताने थांबवलं.

झाल्यावर त्यांनी बोटाने भुगा पुसला आणि लोटा माझ्याकडे फिरवला. ‘य’ एका बाजूला कलला होता, ‘मु’ वर चढला होता, ‘ना’ घसरून पार खाली गेला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक ठिपका चुकला तर पदरचं भांडं देणारा हा माणूस. आता हा लोटा मोडीत जाणार, असंच मला वाटलं.

“वाकडं झालं,” मी हळूच म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. त्यांनी लोटा छातीशी धरला होता. “अगदी असंच होतं ते.”

खाली ‘कडून’ची जागा मोकळी होती. मी विचारलं, देणाऱ्याचं नाव टाकत नाही का? त्यांनी मान हलवली. “येवढ्या उशिरा देनाऱ्यानं नाव टाकू नाई,” ते म्हणाले आणि आत जाऊन लोट्यात पाणी भरून तो फोटोखाली ठेवून आले. मग माझं सामान टेम्पोत चढवायला मदत केली, म्हणजे नको तिथे उभे राहून सूचना केल्या. डबा मात्र त्यांनी पोत्यात घालू दिला नाही, माझ्या मांडीवर दिला.

आता मी रिसोडकडे आहे. पाणी खरंच चांगलं आहे. शाळा चांगली, मुलं चांगली, शेजारी मॅडम म्हणतात. संध्याकाळी ताटाचा आवाज माझा मलाच ऐकू येतो, खाली कुणी नाही. इथे भंगाराची गाडी येते तेव्हा मी खिडकीशी जाते आणि गाडीत काही पिवळं चमकतं का ते बघते. काका आता गाडी थांबवतात की नाही, मी विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

रविवारी मात्र मी त्यांना फोन करते. त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर मीच नावासकट घालून दिला आहे, घंटी वाजली की मोठ्या अक्षरांत नाव येतं, आणि वाचल्याशिवाय ते कुठलीच वस्तू हातात धरत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी दर वेळी मी सांगते, “मी कल्पना मॅडम बोलते.”

“कोन कल्पना?” ते दर वेळी विचारतात.

“कौसल्या.”

“हां,” पलीकडून आवाज येतो, “मंग असं सांगा ना, बाई.”